आबांची दगडी

एसटीच्या कंडक्टरने माझ्या गाठोड्याला हात घातला आणि तसाच सोडून दिला. "यात काय पाटा-वरवंटा भरलाय काय, बाई?" त्याने विचारलं. "भांडां आसा, जेवणाचां," आई म्हणाली. तो गाठोडं टपावर टाकायला निघाला तेव्हा आईने त्याचं मनगट धरलं. आमच्याकडच्या बाईने भर स्टँडवर परक्या पुरुषाचं मनगट धरणं म्हणजे काय, हे गावात राहिलेल्या तुम्हा लोकांना सांगायला नको. गाठोडं माझ्या मांडीवर आलं. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. घाट चढून कोल्हापूर येईपर्यंत माझ्या दोन्ही मांड्या बधिर झाल्या होत्या.

गाडी सुटताना आई खिडकीशी आली. इतर मुलींना आया डोळे पुसत 'सांभाळून राहा' म्हणतात. माझ्या आईच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. ती म्हणाली, "चुलीवरसून उतरलां तरी ह्याचां उकळणां थांबना नाय, ठावक आसा मां? तुझांय थांबाक देऊ नको."

दिल्लीला केंद्र सरकारच्या नोकरीवर निघालेल्या मुलीला असा आशीर्वाद दुसऱ्या कोणत्या आईने दिला असेल, मला माहीत नाही. मला तो पुरला.

गाठोड्यात आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कोरलेली शेवटची दगडी होती. जे दुसऱ्या गावचे आहेत त्यांच्यासाठी सांगते. दगडी म्हणजे मऊ दगडाचं, पोटाला गोल आणि दोन बाजूंना धरायला कान असलेलं पातेलं. शाळेच्या पुस्तकात त्या दगडाला संगजिरे म्हणतात. आमच्याकडे नुसता 'मऊ दगड'. डोंगरातून काढला की नखानेसुद्धा ओरखडा उठतो. आबा दगड ओल्या गोणपाटाखाली ठेवायचे, बोटाच्या पेराने टकटक करून ऐकायचे आणि मग छिन्नी लावायचे. भांडं तयार झालं की पुढचं काम आईचं. कोरी दगडी आगीवर ठेवत नाहीत, ती फुटते. आधी तिला भाताची पेज पाजायची, तेल-हळद चोळायची, उन्हात ठेवायची, परत पेज. बाळंतिणीचं करावं तसं सगळं. पेज न पाजलेली दगडी आमच्या घरातून कधी विकली गेली नाही. आंबट काहीही शिजवा, चव बिघडत नाही, आणि खाली उतरवल्यावरही आमटी बराच वेळ रटरटत राहते. तालुक्याच्या बाजारात आमच्या गावाचं नाव कोणी घेत नसे, 'दगडीवाले इले' म्हणत. तेच आमचं नाव, तीच आमची अब्रू.

आबा खोकून खोकून गेले. बाराव्याचं जेवण उरकायच्या आत काकांनी ओटीवर बसून निकाल दिला, "चेडवाचो खाणीर काय हक्क? उद्या लगीन करून जातली." त्यांचा मुलगा दिगू, माझ्याहून थोडा लहान, शेजारी बसून सुपारी कातरत होता. तो मान डोलवत होता. आबांच्या छिन्न्या त्याच दिवशी त्यांच्या घरात गेल्या, आणि आई आणि मी मागच्या पडवीत. भाऊबंदकी काय फक्त आमच्याच घरात झाली, असं तुमच्यापैकी पुष्कळांनी मला समजावलं आहे. नसेल आमच्याच घरात. पण माझ्या घरात झाली ती माझी आहे, आणि ती मी जपून ठेवली आहे.

दिल्लीत पहिली खोली मिळाली करोल बागेत, एका पंजाबी घराच्या गच्चीवर. ऑफिसात सगळे विचारायचे, "आप तो बॉम्बे से हैं ना?" मी सुरुवातीला नाही म्हणायचे, कोकण म्हणायचे, मग नकाशा काढल्यासारखे हातवारे करायचे. पुढे कंटाळून हो म्हणायला लागले. बॉम्बे तर बॉम्बे. फक्त गच्चीवर, स्टोव्हवर दगडी चढवली की मी परत दगडीवाल्यांची व्हायचे. घरमालकीणबाई, बीजी, पहिल्यांदा ओरडत वर आल्या होत्या. "नी मराठन, पत्थर पे दाल चढ़ा दी? फट जाएगा, मर जाएँगे सब!" काही फुटलं नाही. उतरवून ठेवलेली आमटी जमिनीवर उकळताना पाहून त्या खाली बसल्याच. मग येणाऱ्याजाणाऱ्याला वर घेऊन यायच्या, जादूचा खेळ दाखवावा तसं. "चूल्हा कहाँ है, बोलो? कहीं नहीं!" मला इतकं बरं वाटायचं की मी मुद्दाम त्या वेळेला भांडं उतरवायचे.

लग्न झालं. नवरा नागपूरचा, दुसऱ्या मंत्रालयातला. तो दगडीला 'तुझं माहेर' म्हणायचा. "माहेराला जरा बाजूला सरकव, दूध ठेवायचंय." मयूर विहारमध्ये सोसायटीत फ्लॅट मिळाला, तेव्हा सामानाच्या टेम्पोत मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते आणि माहेर मांडीवर होतं. मुलगी इथेच जन्मली. तिला पेज म्हणजे काय ते सांगावं लागतं, पडवी ठाऊक नाही. "आई, ये पॉट कितना हेवी है यार, नॉनस्टिक क्यूँ नहीं लेतीस?" असं एका वाक्यात ती दोन प्रांत फिरून येते. तिच्यावर मी रागवत नाही. माझा राग इतक्या लोकांत वाटून टाकायला माझ्याकडे नाही, तो एकाच माणसासाठी ठेवलेला आहे.

आई गेली तेव्हा मी गावी आले होते, आठवत असेल तुम्हाला. स्टँडवरून चालत निघाले तर वाटेतली काजूची झाडं पांढरी. मला वाटलं चुन्याची भट्टी घातली कोणी. वळणावर आले आणि डोंगर दिसला नाही. होता तिथे चावून टाकलेल्या भाकरीसारखा एक तुकडा उभा होता आणि खाली पत्र्याची गिरणी धडधडत होती. काकांच्या माघारी दिगूने डोंगर पावडरवाल्यांना विकला होता. मऊ दगड दळून पावडर. ती रंगात घालतात, रबरात घालतात, तोंडाला लावायच्या डब्यांत घालतात. मी आईच्या दहाव्याच्या ओल्या केसांनी त्याच्यासमोर उभी राहिले. तो म्हणाला, "आक्का, दगड कोरून आता कोणाचां पोट भरता? पावडरीक डिमांड आसा."

त्या उन्हाळ्यात दिल्लीला परत आल्यावर मी घरातला पावडरचा डबा कचऱ्यात टाकला. घामोळं उठलं, अंग सोलवटून निघालं, नवरा ओरडला. मी परत पावडर आणली नाही. आबांना अंगाला फासून ऑफिसला जायचं माझ्याच्याने होणं शक्य नव्हतं.

मी दिगूला काही बोलले नाही. त्याच्या मुलाच्या मुंजीला आहेर पाठवला, दिवाळीला फोन केला. लोक म्हणाले, सुमन शहाणी, विसरली. बिल्कुल नाही. आमच्याकडची दगडी तापायला वेळ लागतो, एवढंच.

रिटायर झाल्यावरची गोष्ट. थंडी सरता सरता फरीदाबादला हस्तकलांचा मोठा मेळा भरतो, सगळ्या राज्यांचे स्टॉल असतात. मी आणि नवरा हिंडत होतो. एका कमानीवर मला आमच्या गावाचं नाव दिसलं. मोठ्या देवनागरी अक्षरांत, वर 'कोकणची पाषाणकला'. दिल्लीत इतकी वर्षं काढली, आमच्या गावाचं नाव मी स्वतःच्या तोंडाखेरीज कुठे ऐकलं नव्हतं. मी नवऱ्याचा हात धरला आणि खरं सांगते, रडायलाच येणार होतं.

मग मला आत दिगू दिसला. डोक्याला भगवा फेटा. आमच्या सात पिढ्यांत कोणी फेटा बांधला नाही, टोपी नाहीतर पंचा. पाठीमागे कापडावर माणसाएवढा फोटो, आबा गोणपाटावर बसून दगडी कोरताना. गावातल्या मास्तरांनी काढला होता तो. आणि दिगू गिऱ्हाइकांना सांगत होता, "ये हमारे पिताजी. सात पुश्तों की कला है जी."

स्वतःचा बाप होता की त्याला. माझा कशाला घेतला?

मी ओढणी डोक्यावरून घेऊन गर्दीत मागे उभी राहिले आणि माल पाहिला. जाळीचे हत्ती, पोटात पिल्लू असलेले. जाळीचे दिवे, झाकणाच्या डब्या, चकचकीत वाडगे. ताजमहाल पाहायला गेलेला प्रत्येक पाहुणा असला हत्ती घेऊन येतो, माझ्याच शोकेसमध्ये एक आहे. सगळा माल आग्र्याचा. आग्र्याच्या कारागिरांचा हात सुरेख आहे, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण डोंगर दळून विकायचा, आग्र्याहून हत्ती आणायचे, आणि वर माझ्या बापाचा फोटो लावून गावाचं नाव मिरवायचं! शेजारच्या स्टॉलवाल्याने सांगितलं की परवा निवड समिती येणार, ज्या स्टॉलची कला अस्सल ठरेल त्याला मेळ्यात कायमची जागा, आणि दालनात भिंतीवर कारागिराचं नाव.

"चल, भेटून घेऊ त्याला," नवरा म्हणाला.

"नको," मी म्हटलं. "परवा भेटू."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दगडी धुतली, आईच्या जुन्या लुगड्यात बांधली. पिशवीत कोकमाचं आगळ, जिरं, मिरची, गूळ. मेट्रोच्या स्टेशनवर मशिनमधून पिशवी गेली तेव्हा जवानाने थांबवलं. "मैडम, ये क्या है?" "पतीला है, भैया. बहुत पुराना." त्याने उचलून पाहिलं आणि कोल्हापूरच्या एसटीचा तो कंडक्टर आठवावा असं तोंड केलं. मंडी हाऊसला गाडी बदलली. वाटभर दगडी मांडीवर होती आणि मी मनात वाक्यं घोळवत होते.

समितीत चौघं होती. अध्यक्ष एक पांढऱ्या केसांच्या, जाड चष्म्याच्या बाई. दिगू हात जोडून सांगत होता, "मैडम, हमारे कोकण में आज भी इसी पत्थर में खाना पकता है."

"तो पकाइए ना," मी म्हटलं आणि डोक्यावरची ओढणी काढली.

त्याने मला ओळखलं. फेट्याखालून घामाचा एक ओघळ आला. मी दगडी काउंटरवर ठेवली आणि बाईंना नमस्कार करून सांगितलं की हा फोटोतला माणूस माझा बाप, याचा काका, आणि हे त्याच्या हातचं भांडं. समोर राजस्थानी कचोरीवाल्याच्या दोन शेगड्या होत्या. त्याने आनंदाने जागा दिली, गर्दी जमली की त्याचाही धंदा. मी सार चढवलं, मंद आचेवर. मग दिगूच्या स्टॉलवरचा एक चकचकीत वाडगा उचलून त्याच्यापुढे धरला. "हा पण ठेव. दुसरी शेगडी रिकामी आहे."

त्याने वाडगा घेतला. तो खाणीवाल्याच्या घरात जन्मलेला, त्याला ठाऊक होतं काय होणार. पेज न पाजलेला, जोड चिकटवलेला, पॉलिश मारलेला वाडगा आगीवर गेला की फुटणार. तो वाडगा हातात धरून उभा राहिला. "आक्का," तो हळूच म्हणाला, "लोकांसमोर माझी लाज काढू नको गे."

मी मालवणीत उत्तर दिलं नाही. हिंदीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "क्यों भाई, सात पुश्तों का बर्तन है, डर किस बात का?"

त्याने वाडगा शेगडीवर ठेवला नाही. काउंटरवर परत ठेवला, अगदी अलगद. एवढ्यानेच सगळ्यांना सगळं कळलं.

समिती पुढचे स्टॉल बघून परत आली तेव्हा सार उकळत होतं. मी ओढणीने कान धरून दगडी खाली जमिनीवर उतरवली. सार उकळतच राहिलं. लोक वाकून बघायला लागले, मोबाइल निघाले. अध्यक्षबाई खाली बसल्या, बीजी बसायच्या तशाच. "आग तो है नहीं," त्या म्हणाल्या.

"हमारे यहाँ आग बुझने के बाद भी उबलता है," मी म्हटलं. म्हणताना मी बाईंकडे बघत नव्हते, दिगूकडे बघत होते. मला इतका आनंद झाला होता की लपवता येईना. असा आनंद वाईट असतो म्हणतात. असेल, पण सारापेक्षा गोड होता.

स्टॉल बंद करायचा हुकूम झाला. आग्र्याचे हत्ती खोक्यांत जायला लागले. दोन मजूर शिडी घेऊन आले आणि कमानीवरची पाटी उतरवायला लागले. मी दिगूचा पडलेला चेहरा बघत होते, पाटीकडे लक्षच नव्हतं. ती गवतावर पालथी टाकल्याचा आवाज आला तेव्हा वळून पाहिलं. गावाचं नाव खाली, मागची लाकडं वर.

डोंगर त्याने दळला होता, पण ही पाटी माझ्यामुळे पडली होती. मी एकट्या दिगूला पाडायला आले होते. आता दिल्लीत आमच्या गावाचं नाव परत माझ्या तोंडाशिवाय कुठेच नव्हतं.

अध्यक्षबाई चष्मा पुसत होत्या. त्या म्हणाल्या की एक जरी अस्सल वस्तू असेल तर गावाचं नाव दालनात राहू शकतं. हे भांडं आपण द्याल का, कायमचं?

नवरा माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं मी नाही म्हणणार. मलाही तसंच वाटलं. आईचं लुगडं काउंटरवर पडलं होतं, त्याला आंबट धुराचा वास येत होता. दगडी दिली तर गाव राहणार, आणि गावाबरोबर दिगूही तरणार. मी लुगड्याची घडी घातली. मग म्हटलं, देते, पण दोन अटी. पहिली, पाटी मी सांगेन तशी. आणि दुसरी, जागा गावाच्या नावाची, म्हणजे गावातला माणूस तिथे उभा पाहिजे. तो हाच असेल. फेट्याशिवाय. दरवर्षी मेळा संपेपर्यंत उभा राहील आणि पाटी वाचून लोक जे विचारतील त्याचं खरं उत्तर देईल.

दिगूने जमिनीकडे बघत मान हलवली. दुसरं काय करणार होता? लोकांच्या मोबाइलमधून हे गावात पोचणारच होतं, तोंड दाखवायला त्याला एवढीच जागा उरली होती.

"आप बड़ी सख़्त हैं," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"नहीं जी, हमारा पत्थर तो मुलायम होता है," मी म्हटलं.

पाटीवर लिहिलं आहे, हिंदी, मराठी आणि इंग्रजीत, 'ही दगडी भिकाजी पाथरवट यांनी कोरली. हा दगड ज्या डोंगराचा, तो डोंगर आता नाही.'

एवढंच. बाकीचं काम लोक करतात. पाटी वाचली की प्रत्येक माणूस वर बघतो आणि विचारतो, "पहाड़ कहाँ गया?"

मी दरवर्षी जाते. समोर कचोरीवाल्याच्या बाकावर बसते, कचोरी खाते, ऐकते. पहिल्या दिवशी दिगू म्हणाला, "ख़त्म हो गया जी." मी खाकरले. मग तो म्हणाला, "बिक गया." मी परत खाकरले. तेव्हापासून तो "हमने बेच दिया" म्हणतो. पुढे पुढे त्याची जीभ सरावली, रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखं म्हणायला लागला, आणि मला वाटलं, संपलं, थंड झालं हेही.

तुमच्यापैकी काहीजण फोन करून मला सांगतात, आता पुरे, झालं गेलं विसर, गावी ये, घर बघ. कोणतं घर? पडवी पडली, आई नाही, डोंगर लोकांच्या गालांवरून धुतला गेला. आणि इथे ओट्यावर दगडीच्या जागी काळा गोल डाग आहे, मुलगी तो घासून काढू म्हणते, मी काढू देत नाही. माझं घर आता त्या पाटीपुढे आहे. जिथे उभं राहून आमच्या डोंगराबद्दल कोणी विचारतं आणि कोणाला तरी उत्तर द्यावं लागतं, तेवढीच जागा माझी.

यंदा मेळ्याच्या शेवटच्या दिवशी लष्करी छावणीतून एक जवान आणि त्याची बायको आली होती, साताऱ्याकडची. बायकोने पाटी मराठीतच वाचली, बोट फिरवत. दगडीच्या कानावर हात ठेवला. मग दिगूकडे वळून, माहेरच्या माणसाला विचारावं तितक्या सहज विचारलं, "अगं बाई! डोंगर कुठं गेला, दादा?"

दिगूने तोंड उघडलं आणि हिंदीतली घोषणा निघेना. मराठीत हे त्याला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. त्याने समोर माझ्याकडे पाहिलं. मी खाकरले नाही, आणि नजरही काढली नाही. तो दगडीमागे लावलेल्या त्याच फोटोतल्या आबांकडे बघून म्हणाला, "मी विकला, बाय."

मग तो तिथेच, सगळ्या लोकांसमोर, गुडघ्यांत मान घालून बसला. मी कचोरीचा द्रोण खाली ठेवला, पण उठले नाही. चूल विझून किती काळ झाला, आई. अजून उकळतंय.